छपराची उंची

हातखंब्याचे गोदाम नापास झाले ते ट्रकमुळे. हायवेवरून भरलेला ट्रक गेला की भिंत थरथरते, भिंतीबरोबर पडदा हलतो आणि पडदा हलला की त्यावर दिसणारे अख्खे स्कॉटलंड हलते, असे यासीनने नासिरचाचाला समजावले. चाचाने मान डोलावली. स्कॉटलंड त्याने पाहिले नव्हते, पण ते हलता कामा नये याबद्दल तो आता कोणाहीइतका आग्रही होता.

जुम्म्याची नमाज आटोपून सगळे बंगल्यावर जेवायला जमले होते. सरंगा तळला होता, सांदणे होती आणि मुंबईहून आलेली मशीनची खोकी दिवाणखान्यात अशी रचली होती की ताट घेऊन प्रत्येकाला त्यांना वळसा घालावा लागत होता. कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात जोडणीला येणार होता, त्याआधी गोल्फ क्लबला जागा हवी होती. क्लबला नाव होते, रबरी शिक्का होता, अध्यक्ष म्हणून माझा भाऊ यासीन होता. आखातातून परतलेले आणि हापूसवर सुधारलेले असे बरेच सभासद होते. दोन हजार सात साली रत्नागिरीत गोल्फ खेळलेला माणूस त्यांच्यात एकही नव्हता, पण तो प्रश्न जागेनंतरचा.

"फुफी, त्या खोक्यावर नको बसू. आत सेन्सर आहे," यासीन म्हणाला.

"असू दे की. मी काय चावतंय त्याला?"

हफीजाफुफी आमच्या बांची, म्हणजे वडिलांची थोरली बहीण. गुडघे गेल्यापासून ती जिथे बसते तिथून उठत नाही आणि बसल्या जागेवरून सगळ्यांचा समाचार घेते. तिने सांदण कालवणात बुडवले. "मला एकदा नीट सांग बाबू. चेंडू मारायचा कशावर?"

"पडद्यावर."

"मग तो जातो कुठे?"

"जात नाही. पडद्यावर आपटून खाली पडतो. पण मशीन त्याचा वेग बघतं आणि पडद्यावरच्या मैदानात तो लांब गेलेला दिसतो."

"म्हणजे पडतो पायाशी आणि तुमी बोलायचा, लांब गेला."

"तसंच काहीतरी."

"त्याला मशीन कशाला? तुझा चाचा जन्मभर तेच करतो."

चाचा सोडून सगळे हसले. चाचाच्या मिरकरवाड्यातल्या बर्फाच्या कारखान्याची माडी सकाळीच नापास झाली होती. तिथे भिंतींना इतका ओलावा होता की यासीनने पाच मिनिटांत चष्मा दोनदा पुसला. चाचाने तो ओलावा मनाला लावून घेतला होता. आपला कारखाना ओला आहे हे त्याला तीस वर्षे माहीत होते, पण पुतण्याने चष्मा पुसून ते जगजाहीर करावे हे त्याला रुचले नव्हते.

पालीचा हॉल त्याआधीच बाद झाला होता. हॉल महिपतशेठचा. ते क्लबचे उपाध्यक्ष, आंब्याचे व्यापारी आणि लग्नकार्यासाठी बांधलेल्या त्या हॉलचे मालक. तिथे यासीनने दुबईहून आणलेला गोल्फचा दांडा खांद्यामागे नेऊन जोरात फिरवून पाहिला होता आणि पंख्याचे एक पाते वाकले होते.

"पंखा नवीन होता," महिपतशेठ आताही म्हणाले. "माझा काय म्हणणा नाय. पण नवीन होता."

"दांडा वर जातो तेव्हा दहा फूट तरी मोकळे लागतात. उंच माणसाला अकरा. मी पहिल्यापासून सांगतोय, सगळा खेळ उंचीचा आहे."

हे बोलताना यासीनचा आवाज बदलला. दुबईत तो चौदा वर्षे गोल्फच्या मैदानावर होता. लोकांना तो एवढेच सांगतो. तिथे तो पाण्याचे फवारे सांभाळायचा. पहाटे माणसे यायच्या आत गवत भिजवायचे आणि माणसे आली की झाडीमागे व्हायचे. फवारा बिघडला तर हिरवळीवर जायची परवानगी होती, तीही हातात पाना दिसत असेल तर. चौदा वर्षांत त्या गवतावर तो एकदाही रिकाम्या हातांनी उभा राहिला नाही. हे त्याने मला फक्त एकदा सांगितले आणि नंतर सांगितल्याचे विसरून गेला. मी विसरले नाही. त्यामुळे त्याला हसताना मला नेहमी मध्येच थांबावे लागते.

"मग आता उरला काय?" चाचाने विचारले.

महिपतशेठनी काटा काढायच्या निमित्ताने मान खाली घातली. उरले काय ते सगळ्यांना ठाऊक होते. बोलायचे कोणी एवढेच ठरत नव्हते. शेवटी घरच्या माणसांना जे जमत नाही ते पाहुण्याने केले.

"नाय म्हटला तरी," महिपतशेठ म्हणाले, "तुमची वखार हाय."

वखार बंगल्याच्या मागे, खाडीच्या काठाला आहे. जांभ्याच्या भिंती, सागाचे वासे, वर कौले. आजोबांनी जाळी आणि दोरखंड ठेवायला बांधलेली. तिच्या वाटण्या कधी झाल्या नाहीत, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा हक्क आहे आणि तिचे एक फुटके कौल बदलायची जबाबदारी कोणाचीच नाही. ते काम बा करायचे. शेवटच्या वर्षी त्यांना दम लागायला लागला तेव्हा ते बंगल्यातून उठून तिथे राहायला गेले. स्लॅबखाली श्वास अडकतो म्हणाले. यासीनच्या पैशाने बांधलेला बंगला, वर ए.सी., आणि बा जाळ्यांमध्ये खाट टाकून झोपतात ही गोष्ट यासीनला दुबईत फोनवर कळली तेव्हा तो आठवडाभर फोनवर आला नाही. अम्माने काही न बोलता आपली खाट त्यांच्या शेजारी नेऊन टाकली. दोन महिन्यांपूर्वी बा तिथेच गेले. यासीनचे विमान उतरेपर्यंत माती झाली होती.

आणि अम्मा अजून तिथेच होती, कारण ती इद्दतीत होती.

नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाईने घर सोडायचे नाही, साजशृंगार करायचा नाही हे आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत. आजवर सगळ्यांनी ते आपापल्या सोयीने पाळले होते. पण यासीन दुबईहून कडक होऊन आला होता. अम्माला आपल्या घरी नेते असे फुफी म्हणाली तेव्हा त्याने तिला सर्वांदेखत थांबवले. नवरा गेला तेव्हा बाई जिथे राहत होती तिथेच तिने इद्दत पुरी करायची, तिथून हलवायचे नाही. परक्या पुरुषाने समोर जायचे नाही, आणि दीर हाही परकाच. त्याने स्वतःच्या हाताने वखारीच्या दाराला चादर बांधली. अम्माच्या हातचे खाऊन वाढलेला नासिरचाचा त्या दिवसापासून चादरीबाहेरून सलाम करून परत जातो. त्या आठवड्यात बंगल्यावर यासीनची सासरची माणसे उतरली होती आणि खोल्या कमी पडत होत्या, हा योगायोग माझ्याखेरीज फुफीनेही टिपला होता.

"वखार चांगली," फुफी म्हणाली. "फक्त आत बाई हाय. ती तूच आत बसवलीस. आता काय करतोस, बाबू?"

तिच्या आवाजात आनंद होता आणि तो लपवायचे तिला कारण नव्हते.

"मौलानांना विचारतो," यासीन म्हणाला.

त्याने खिडकीशी जाऊन फोन लावला. आम्हाला त्याचीच बाजू ऐकू येत होती. "जी... जी... नाही, सोयीसाठी नाही... जी, म्हणजे धोका असेल तर?... जी." तो परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उजेड होता. घर धोक्याचे असेल तर बाईला हलवता येते, मौलाना म्हणाले होते.

चाचाने भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "तशी कौला जुनीच हायत."

"वासे आतून पोकळ असतील," यासीन म्हणाला. "खारा वारा."

"सागाला काय भरवसा?" महिपतशेठ म्हणाले.

बघता बघता वखार मोडकळीला आली. चाचाला एक वासा आठवला जो लहानपणीच वाकलेला होता. यासीनला उंदीर आठवले. महिपतशेठनी आपण पाहिलेल्या एका पडलेल्या छपराची हकीकत सांगितली, ते लांज्याकडचे होते, पण कौले तशीच होती. जेमतेम दहा मिनिटांत माझ्या आजोबांच्या वखारीत एक सरळ उभी भिंत शिल्लक राहिली नाही.

"आणि पडदा कुठल्या वाशाला टांगणार?" फुफीने विचारले.

"मधल्या. तो मजबूत आहे," यासीन म्हणाला.

"मशीन जड असेल?"

"आहे ना. पण ते वासे ट्रक पेलतील, फुफी."

"मग बरा. म्हणजे छप्पर फक्त तुझ्या आईच्या डोक्यावर पडणार. तुमी खेळायला गेलात का ते थांबणार."

यासीन लालबुंद झाला. चाचाने सरंग्याकडे पाहिले. महिपतशेठना एकाएकी तहान लागली. पण ठरायचे ते ठरले होते. आमच्या घरात एखादी गोष्ट उघडी पडली म्हणून रद्द होत नाही, जरा हळू आवाजात पुढे जाते.

"मौलाना आणखी एक बोलले," यासीन म्हणाला. "धोका आहे का ते बाईंनाच विचारा. त्यांना भीती वाटते का. त्या हो म्हणाल्या की झालं." मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी रजा काढून अम्माजवळ राहत होते, माझी खाट तिच्या दाराशी होती. "आपा, तू विचारशील? आणि आत जातेच आहेस तर उंची पण घे."

मला नाही म्हणता आले असते. ते छप्पर मला हवे होते, जसेच्या तसे, खाली खाट असलेले. पण छपरावर हक्क सांगायला मला मशीन नव्हते, सभासद नव्हते, काय करायचे आहे असे कोणी विचारले तर उत्तर नव्हते. मी महिपतशेठच्या हातातला टेप घेतला.

सगळे मागच्या अंगणात आले. फुफीला खुर्ची मागल्या पडवीत मांडून दिली. पुरुष वखारीच्या दारापासून थोडे अलीकडे, उलट्या घातलेल्या होडीजवळ उभे राहिले. यासीनच्या हातात दांडा होता, तो त्याने का आणला होता हे त्यालाही ठाऊक नसावे.

चादर सारून मी आत गेले. बांच्या खाटेवर बसून अम्मा सुपात तांदूळ निवडत होती. वर काचेच्या कौलातून ऊन येत होते.

"बाहेर कोण गोळा झालेत?"

"उंची मोजायची आहे, अम्मा."

"कशाची?"

मी सांगितले. तिने ऐकून घेतले, सूप बाजूला ठेवले, उठली आणि टेपचे टोक जमिनीला दाबून धरले. दुसरे टोक मी जाळी टांगायच्या लांब बांबूला बांधून मधल्या वाशापर्यंत नेले. अम्माने वाकून पाहिले.

"किती हवी त्यांना?"

"अकरा फूट असली तर उत्तम."

"आणि भरली किती?"

"अठरा."

"मग सांग ना. उन्हात उभे हायत."

मी चादरीआडून आकडा ओरडले. बाहेर महिपतशेठ "वा!" म्हणाले, जणू छप्पर मी बांधले होते.

"आपा, दुसरं पण विचार," यासीनचा आवाज आला.

मी अम्मासमोर उभी राहिले. "अम्मा, ह्या छपराची तुला भीती वाटते का?"

तिने वर पाहिले. मग माझ्याकडे. "कोण विचारतो?"

"यासीन. मौलानांना सांगायचं आहे. भीती वाटत असेल तर तू बंगल्यावर येऊ शकतेस."

"छप्पर पडणार, असा कोण बोलला?"

"सगळेच."

"आणि खाली खेळणार कोण?"

"तेच सगळे."

अम्मा हसली नाही. खाटेच्या कडेला बसून तिने ओढणी सारखी केली. "ही चादर कोणासाठी बांधली हाय?"

"परक्या पुरुषांसाठी."

"यासीन परका हाय?"

बा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी यासीन आला तेव्हा त्याने अम्माला दारात बोलावून घेतले होते. तिथेच तिच्या गळ्यात पडला होता. नंतर चादर बांधली. जेवणाचा डबा मी नेत होते, औषधे मी नेत होते, आज टेपही मीच आणला होता. मुलाला आईचा पडदा नसतो हे आमच्यात लहान पोरालाही कळते. पण चादर त्याने इतक्या कडकपणे बांधली होती की ती त्याच्यासाठीही आहे असे सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

अम्माने आवाज चढवला. अंगणापर्यंत जाईल असा आवाज तिने जन्मात काढला नव्हता.

"यासीन! आत ये. मोजायला बहिणीला कशाला धाडलीस? तो दांडा घेऊन ये. उभा कुठे राहणार, ते मला दाखव."

चाचाने मला पुढे सांगितले की भाभीचा आवाज ऐकून त्याला आधी बरे वाटले. दोन महिन्यांनी ऐकला होता. मग त्याने यासीनकडे पाहिले तर तो होडीला धरून उभा होता, चढलेल्या भरतीत पाय टाकायचा की नाही असे पाहणाऱ्या माणसासारखा. "तुला तर मुभा हाय रे," चाचा त्याला म्हणाला. "मला असती तर मी कधीच गेलो असतो." हे बोलताना चाचाच्या लक्षात आले की त्याला पुतण्याचा राग आला आहे आणि तो बर्फाच्या कारखान्याबद्दलचा नाही.

यासीन चपला काढून आत आला.

तो इकडे तिकडे न पाहता थेट वर पाहत होता, छप्पर तपासत असल्यासारखा. मग नजर खाली आणावीच लागली. एका भिंतीला जाळी होती, दुसऱ्या बाजूला इंजिनाचे सुटे भाग. त्याने दांड्याने अंतर अजमावले, दोन पावले मागे आला, पुन्हा पुढे गेला. पडदा त्या भिंतीला, तर माणूस इथे. तो जाऊन खाटेच्या उशाशी उभा राहिला.

"इथे," तो म्हणाला. "इथून मारावं लागेल."

"तिथेच त्यांचा डोका होता," अम्मा म्हणाली, पाण्याचा हंडा कुठे असतो ते सांगावे तसे. "खाट सरकव हवी तर. आणि दाखव."

त्याने खाट सरकवली नाही. दांडा खांद्यामागे नेला. वर मोकळी जागाच जागा होती. दांडा वर गेला आणि तिथेच राहिला. मग त्याने तो सावकाश खाली आणला.

"बा माझं विचारत होते का?" त्याने विचारले.

"विचारत होते. विमान उतरला का, विचारत होते."

"मग?"

"मी बोलले, उतरला. हातखंब्यापर्यंत आला."

यासीनने मान हलवली. मी जाळ्यांकडे पाहत राहिले. मला ती गोष्ट माहीत होती, मी तिथे होते. त्या वेळी त्याचे विमान दुबईहून सुटलेही नव्हते. तो अम्माच्या पायाशी जमिनीवर बसला, तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, सूप पुन्हा मांडीवर घेतले आणि तांदूळ निवडू लागली. बाहेर महिपतशेठ खोकले, मग चाचा त्यांना काहीतरी दटावून बोलला.

बऱ्याच वेळाने यासीनने बाहीने तोंड पुसले आणि उठला. त्याच्या मागोमाग मी बाहेर आले.

"काय मग?" महिपतशेठनी विचारले. "भीती वाटते म्हणाल्या?"

"ते राहू दे," यासीन म्हणाला. "उंचीच पुरत नाही."

"पुरत नाय? अहो, आता तर अठरा—"

"फिरवून बघितलं मी. पुरत नाही."

महिपतशेठनी मान मागे टाकून छपराकडे पाहिले. शेजारचा माड त्याच्या पुढे काही फार उंच नव्हता. मग त्यांनी चाचाकडे पाहिले. त्या छपरावर कौले शाकारायला चाचा तरुणपणी चढायचा, तिथून एकदा पडून त्याचा हातही मोडला होता. चाचाने घसा साफ केला.

"इफ्फतने टेप उलटा धरला असेल," तो म्हणाला. "तिला लहानपणापासून मोजता येत नाय."

मी वीस वर्षे शाळेत गणित शिकवते.

"हो," मी म्हणाले. "चुकलंच माझं."

महिपतशेठ व्यापारी माणूस. समोरचे तिघे एका भावावर अडले की सौदा कुठे संपला हे त्यांना कळते. त्यांनी टेप माझ्याकडून घेऊन हळूहळू गुंडाळला. "आता बघतोय तर कमीच वाटते खरी," ते म्हणाले. "मग पालीचाच हॉल करू. पंखे काढून टाकतो मी."

"काय झाला रे?" पडवीतून फुफी ओरडली. "किती भरली?"

"कमी!" चाचाने ओरडून सांगितले. "नाय जमत, आपा!"

फुफी त्या वखारीच्या अंगणात लहानाची मोठी झालेली. ती क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली, एकेकाकडे, शेवटी यासीनच्या चेहऱ्याकडे.

"मी तर पहिल्यापासून बोलतंय," ती म्हणाली. "ठेंगणाच हाय तो छप्पर."